काम अडले आहे कुठे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, बंद पडणे वेगळे आणि अडणे वेगळे. पिठाची गिरणी बंद पडली की सगळ्या गल्लीला कळते. पट्टा थांबतो, आवाज जातो, दळण घेऊन आलेली माणसे डबा उचलून परत जातात. अडलेल्या कामाचे तसे नसते. ते चालू असल्यासारखेच दिसते. कचेरीत आपल्याला सांगतात, 'तुमचा अर्ज प्रक्रियेत आहे.' आता तो खरोखर पुढे सरकतो आहे की कुणाच्या टेबलावर फायलींच्या ढिगाखाली निजला आहे, हे बाहेरच्या बाकावर बसलेल्याला कळायला मार्ग नसतो. आज मी अशाच अडलेल्या कामांविषयी बोलणार आहे. मात्र ही कामे माणसांची नाहीत, संगणकातली आहेत.

माझी ओळख कवी म्हणून करून दिली जाते आणि ती खरीही आहे. पण कवितेवर चूल पेटत नाही. मराठी घेऊन बी. ए. झालो, त्या काळात गल्लोगल्ली निघालेल्या संगणक वर्गांपैकी एकात पदविका घेतली आणि पुढे पोटासाठी जे काम मिळाले ते आजवर करतो आहे. माहिती साठवणाऱ्या डिस्कांची परीक्षा घेणे, हे ते काम. डिस्कचे कपाट गिऱ्हाइकाकडे जाण्यापूर्वी त्याला आमच्या हाताखालून जावे लागते. त्याला रात्रभर राबवायचे, दमवायचे आणि सकाळी किती दमले ते कागदावर मांडायचे.

यात दमवायचे काय, असे कुणी विचारील. साधी फिरती डिस्क घ्या. तिची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चारेक मिलिसेकंद थांबावे लागते. टोक इकडून तिकडे सरकायला लागतो तो वेळ निराळा. त्यामुळे अशी एकटी डिस्क विखुरलेल्या जागांवरची कामे सेकंदाला शंभराच्या आसपासच करू शकते. चिप असलेल्या नव्या डिस्कांत फिरणारे काही नसते, म्हणून त्या हेच काम हजारोंनी, लाखोंनी करतात. पण दुकानदाराची परीक्षा एका गिऱ्हाइकाने होत नाही. सणाच्या आदल्या संध्याकाळी पन्नास माणसे एकदम ओरडू लागली की त्याचा खरा वकूब कळतो. डिस्कचेही तसेच. म्हणून परीक्षेत एकाच वेळी आठ, सोळा, बत्तीस कामे तिच्यावर सोडतात. यालाच समांतर कामे म्हणतात.

या परीक्षेसाठी जगभर वापरले जाणारे एक साधन आहे, एफआयओ. लांबलचक नाव फ्लेक्सिबल आय-ओ टेस्टर. ते लिहिले येन्स आक्सबो या डेन्मार्कच्या प्रोग्रॅमरने. लिनक्समध्ये डिस्कशी बोलणारा जो भाग आहे, त्याची देखभाल हेच गृहस्थ करतात. प्रत्येक नव्या परीक्षेसाठी नवा प्रोग्रॅम लिहिण्याचा त्रास वाचावा, म्हणून त्यांनी हे साधन केले. एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहायचे: इतकी कामे, इतक्या मापाचे तुकडे, वाचन की लेखन, ओळीने की विखुरलेले. बाकीचे ते पाहून घेते.

ते चालू असताना पडद्यावर एक ओळ दिसते. तिच्यात प्रत्येक कामासाठी एक चिन्ह असते. आय म्हणजे तयार होऊन उभे आहे, मोठा डब्ल्यू म्हणजे ओळीने लिहिते आहे, लहान डब्ल्यू म्हणजे विखुरलेल्या जागी लिहिते आहे. काम संपून त्याची नोंद घेतली गेली की तिथे नुसती खालची रेघ उरते. हजेरीपटच तो. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ते अक्षर कामाचा हुद्दा सांगते, चाल सांगत नाही. लिहायला बसलेला माणूस तासभर एकही शब्द न लिहिता बसला, तरी हजेरीपटावर तो 'लिहिणारा'च असतो.

आता काम अडते म्हणजे काय होते? अनुभवाने मी त्याचे चार प्रकार करतो.

पहिला प्रकार अडण्याचा नव्हेच. काम चालू असते, फक्त मंद असते. धीर सुटलेला माणूस त्यालाही अडलेलेच म्हणतो.

दुसरा प्रकार एकमेकांत अडकण्याचा. जुन्या मुशायऱ्यात शमा ज्याच्यापुढे ठेवली जाई, त्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. संगणकातही असेच असते. काही वस्तू एका वेळी एकाच कामाच्या हाती देता येतात. ते वापरून परत करील, तेव्हा दुसऱ्याची पाळी. आता समजा, दोन शायर आहेत. एकापुढे शमा आहे, पण त्याची वही दुसऱ्याकडे आहे. दुसरा म्हणतो, आधी शमा द्या, मग वही देतो. पहिला म्हणतो, आधी वही द्या, वाचून झाल्यावर शमा देतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि मुशायरा पहाटेपर्यंत तसाच. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये हा पेच विद्यार्थ्यांपुढे ठेवला होता. गोल मेजाभोवती जेवायला बसलेल्या पाच तत्त्वज्ञांची गोष्ट म्हणून तो पुढे प्रसिद्ध झाला. १९७१ मध्ये कॉफमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी याच्या चार अटी नीट मांडल्या. वस्तू एका वेळी एकालाच मिळते, हातातली न सोडता दुसरी मागितली जाते, कुणाच्या हातून हिसकावून घेता येत नाही आणि वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ पूर्ण होते. चारही जमल्या तरच पेच पडतो. म्हणून चारांपैकी एक अट मोडली, की पेच सुटला.

तिसरा प्रकार लखनवी 'पहले आप'चा. दोन्ही नवाब हालत असतात, वाकत असतात, बोलत असतात. गाडी मात्र निघून जाते. अशा वेळी संगणकाचा प्रोसेसर शंभर टक्के राबताना दिसतो, पण काम इंचभर पुढे जात नाही.

चौथा प्रकार मला सगळ्यांत दुःखाचा वाटतो. काम कुणाशीही भांडत नाही. त्याने एक प्रश्न विचारलेला असतो आणि उत्तर येत नाही. ते नुसते थांबलेले असते. लिनक्समध्ये या अवस्थेला डी हे अक्षर आहे. ही अशी झोप आहे की जिच्यातून हाक मारून उठवता येत नाही. कोणत्याही कामाला संपवण्याचा जो शेवटचा हुकूम असतो, किल माइनस नाइन, तोही त्याच्यापर्यंत पोचत नाही. उत्तर येईल तेव्हाच ते डोळे उघडणार आणि मगच मरायचे की जगायचे ते ठरणार.

मग यातला कोणता प्रकार आहे हे ओळखायचे कसे? पहिले सूत्र, दोनदा पाहा. लिनक्स प्रत्येक कामाच्या नावाची एक छोटी वही ठेवतो. त्यात किती बाइट वाचले, किती लिहिले, ते टिपलेले असते. आकडा टिपा, दहा सेकंद थांबा, पुन्हा पाहा. वाढला असेल तर काम मंद आहे, अडलेले नाही. दुसरे सूत्र, ते झोपले आहे की धावते आहे ते पाहा. तिसरे, झोपले असेल तर कोणत्या पायरीवर झोपले ते पाहा. कर्नलला विचारले तर तो पायऱ्यांची यादी देतो: हे काम इथून आत आले, इथून खाली उतरले आणि इथे बसले. आणि चौथे सूत्र, अडलेल्यांमध्ये सारखे काय आहे, ते शोधा. वैद्य गावातल्या आजाऱ्यांना विचारतो ना, पाणी कोणत्या विहिरीचे पिता? तसेच.

या शोधाची एक फार मोठी गोष्ट १९९७ साली घडली. अमेरिकेचे पाथफाइंडर यान ४ जुलैला मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनच आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. दुरुस्तीला माणूस पाठवायची सोय नव्हती. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी तसाच संगणक इथे चालवला आणि प्रत्येक हालचालीची नोंद ठेवत तोच दोष पुन्हा घडेपर्यंत वाट पाहिली. कारण सापडले ते कचेरीतल्यासारखेच. कपाटाची किल्ली शिपायाकडे आहे. साहेब किल्लीसाठी खोळंबले आहेत. शिपाई किल्ली द्यायला निघतो, पण हेडक्लार्क त्याला मध्येच थांबवून आपली कामे उरकत बसतो. हेडक्लार्कला किल्लीचे काही ठाऊक नाही. तो शिपायाहून वरचा, एवढेच त्याला माहीत. यानावर हवामानाची नोंद करणारे कनिष्ठ काम शिपायाच्या जागी होते, माहितीची ने-आण पाहणारे वरिष्ठ काम साहेबाच्या जागी आणि मधले हेडक्लार्क म्हणजे संदेश पाठवण्यासारखी मधल्या दर्जाची कामे. वरिष्ठ काम वेळेत झाले नाही, हे पाहून पहारेकरी घड्याळ सगळा संगणकच नव्याने सुरू करी. उपाय असा केला की, किल्ली हातात आहे तोवर शिपायाला साहेबाचा दर्जा द्यायचा. ही सोय मुळात त्या संगणकात होती, फक्त बंद होती. ती चालू करणारा बदल पृथ्वीवरून मंगळावर पाठवला आणि यान सुधारले. साहेबाला वेगाने पळवून काही झाले नसते. शिपायाची वाट मोकळी करावी लागली.

आता एक घरचा अनुभव सांगतो. एका रुग्णालयाच्या नोंदींसाठी डिस्कची दोन कपाटे आमच्याकडे परीक्षेला होती. मध्यरात्री सोळा कामे सोडली. बारा पहिल्या कपाटावर, चार दुसऱ्यावर. प्रत्येकाने चार किलोबाइटचे एक कोटी तुकडे लिहायचे. परीक्षेची फाइल लिहिली होती नुकत्याच लागलेल्या एका मुलाने. अजून कायम झाला नव्हता. सकाळी मी पोचलो तेव्हा पडद्यापाशी गर्दी होती. बारा जागी खालची रेघ, चार जागी लहान डब्ल्यू आणि वेग शून्य. निकालाचा तक्ता सगळी कामे संपल्याशिवाय येत नाही. त्यामुळे बारांनी वेळेत काम करूनही हाती काहीच नव्हते. वरिष्ठांचे मत ठरलेले होते. पोराने कुवतीबाहेर कामे सोडली. यंत्र बंद करून चालू करा, आठ कामांवर परीक्षा घ्या आणि दुपारपर्यंत अहवाल द्या.

मी अर्धा तास मागून घेतला. यंत्र नव्याने सुरू केले की अडण्याचा बहुतेक पुरावा पुसला जातो. मग ज्याचा हुद्दा सर्वांत लहान, दोष त्याच्या पदरात पडतो. मुलगा हळूच म्हणाला, "सर, फाइल मी दोनदा तपासली होती." मी म्हटले, "मग आता आपण तिसऱ्यांदा फाइल नको, यंत्र तपासू. तू टिपत जा."

वहीतले आकडे दोनदा पाहिले. चारही कामांचे स्थिर. अवस्था पाहिली, चारही डी. कर्नलच्या पायऱ्या पाहिल्या. चारही डिस्कच्या उत्तराची वाट पाहत बसलेली. आणि चारही दुसऱ्या कपाटाची! कामे जास्त झाल्याचा दोष असता, तर बारा कामांचे ओझे असलेले पहिले कपाट आधी अडायला हवे होते. यंत्राच्या नोंदवहीत २ वाजून ४३ मिनिटांची ओळ होती: अमुक काम १२० सेकंदांहून अधिक काळ अडलेले आहे. लिनक्समधला पहारेकरी दोन मिनिटांनी अशी तक्रार लिहून ठेवतो. तक्रार लिहिली गेली होती, वाचली कुणीच नव्हती.

अशा कपाटाकडे जायला दोन वाटा असतात, दोन निराळ्या केबली. एक तुटली तर दुसरीने काम चालावे म्हणून. वाटांची यादी काढली, तर दोन्ही बंद. दुसरी वाट २ वाजून ४० मिनिटांनी गेली होती. रात्री एसीच्या दुरुस्तीला आलेल्या माणसांनी कपाट सरकवले आणि केबलचे टोक अर्धवट निघाले. पण पहिली वाट? ती एकोणीस दिवसांपूर्वीच तुटलेली होती. दारात दुमडून केबल खराब झाली होती. एकोणीस दिवस सगळे काम एका वाटेवर चालले होते आणि चालते आहे म्हणून कुणाला कळले नाही. त्याची सूचनाही नियमाने जात होती, पण नोकरी सोडून गेलेल्या एका गृहस्थांच्या पत्त्यावर.

दोन्ही वाटा गेल्या तर कामाने 'चूक' म्हणून थांबायला हवे होते. ते थांबले का नाही? कारण व्यवस्थेत एक सूचना लिहिलेली होती: वाट नसेल तर चूक कळवू नको, रांगेत थांब. ही सूचना वेडेपणाची नाही. एखादे उपकरण अर्ध्या मिनिटासाठी बंद-चालू झाले, तर तेवढ्यासाठी सगळा कारभार कोसळू नये, म्हणून ती असते. पण किती वेळ थांब, हे तिथे लिहिलेले नव्हते. लिहिलेले नाही, म्हणजे कायमचे.

ज्या दिवसापासून दोष आला, जिथून आला, ते सगळे त्या मुलाच्या अक्षरात कागदावर उतरले. मग ९ वाजून ४० मिनिटांनी केबलचे टोक नीट बसवले. काही क्षणांतच वाट जिवंत झाली आणि सात तास निपचित पडलेली चारही कामे जिथे होती तिथून चालू लागली. प्रत्येकाची सुमारे चार लाख लेखने उरली होती. सातेक मिनिटांत ती संपली. एक तुकडाही हरवला नव्हता.

मग निकालाचा तक्ता आला आणि त्याने मला सगळ्यांत जास्त शिकवले. हिशेब साधा आहे. एका लेखनाला एक मिलिसेकंद धरला, तर कोटी लेखनांना १०,००० सेकंद. त्यांपैकी एकच लेखन सात तास, म्हणजे २५,२०० सेकंद अडले. बेरजेला कोटीने भागा. सरासरी येते साडेतीन मिलिसेकंद. नुसती सरासरी वाचणारा म्हणेल, हे कपाट जरा मंद आहे. सात तासांचे मरण सरासरीत अडीच मिलिसेकंदांचे होऊन बसते. खरी हकीकत 'सर्वाधिक वेळ' या शेवटच्या रकान्यात होती आणि तो रकाना घाईत कुणी वाचत नाही.

हेच कपाट रुग्णालयात गेले असते तर? खिडकीवरच्या सिस्टरने रुग्णाची नोंद मागितली असती आणि पडद्यावर फिरणारे चक्र फिरतच राहिले असते. 'यंत्र बिघडले' एवढा निरोप जरी मिळाला, तरी माणूस कागदी केसपेपर शोधतो, फोन उचलतो, दुसऱ्या यंत्रावर जातो. 'थांबा' म्हटले की थांबतो. म्हणून आम्ही त्या सूचनेत मुदत घातली. दर पाच सेकंदांनी वाट पाहायची, बारा वेळा पाहायची. एक मिनिटाने सांगून टाकायचे, उत्तर येत नाही. वाट तुटल्याची सूचना आता हजर असलेल्या दोन माणसांकडे जाते. सोळा कामांची तीच फाइल, एका अक्षराचाही बदल न करता, दुसऱ्या रात्री पुन्हा चालवली आणि सोळाही कामे पार पडली. मुलगा पुढे कायम झाला.

श्रोतेहो, कवीला वाट पाहण्याचे फार कौतुक असते. आमच्या गझलेचा निम्मा कारभार वाट पाहण्यावरच चालतो आणि तिथे तिला मुदत नसते, हेच तिचे सौंदर्य. पण यंत्रांच्या आणि कचेऱ्यांच्या कारभारात मुदत नसलेली वाट हा धीर नव्हे, ती मुकी उपेक्षा असते. काम अडले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, 'कुणामुळे?' तो जरा मागे ठेवावा. आधी विचारावे, 'कुठे?' आणि 'केव्हापासून?' या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा निराळेच निघते. आणि निदान ते सर्वांत धाकट्या माणसाच्या नावावर घाईने लिहिले जात नाही.